आकड्याखालची नावं

(लोणावळ्यात कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



मी इतिहासाचा माणूस नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये पोट भरतो. डेटाबेसमधली नावं जुळवणं हे रोजचं काम. आजचा विषय मला त्यातूनच सापडला.

1914 च्या ऑक्टोबरात हिंदी फौजेच्या सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनच्या पहिल्या पलटणी मुंबईहून बोटीत चढल्या आणि 6 नोव्हेंबरला इराकच्या टोकाला, फाओला उतरल्या. पुण्याहून मुंबई बंदराकडे जाणारी गाडी तेव्हाही आपल्या लोणावळा स्टेशनातूनच घाट उतरायची. या डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी होत्या, पंजाबी मुसलमान होते, राजपूत होते.

ही स्वयंसेवकांची फौज होती, असं पुस्तकांत लिहितात. खरं आहे ते. ब्रिटनने 1916 मध्ये आपल्या पोरांवर सक्तीची भरती लादली, हिंदुस्थानात तसा कायदा झाला नाही. पण शिपायाचा पगार होता महिन्याला 11 रुपये. घरात चार भाऊ आणि कोरडवाहू जमीन असली की एकाने पलटणीत जायचं, हा होकारच आहे, पण पोटाचा. पुढे पंजाबात तर भरतीसाठी गावांवर दबाव आला. मी हे त्यांना कमी लेखायला सांगत नाही. मीसुद्धा पगारासाठीच लॉगिन करतो.

बगदाद घ्यायला निघालेली ही डिव्हिजन कुतला वेढली गेली. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. धान्य संपलं, तेव्हा घोडे कापले. हिंदू आणि मुसलमान, दोघांतल्याही अनेकांनी ते मांस खायला नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंचे निरोप मागवावे लागले, तोवर माणसं खंगली होती. शेवटी सुमारे 13,000 जण शरण गेले, त्यात बहुतेक हिंदीच. वाळवंटातून पायी नेलं, मग रेल्वेच्या कामावर जुंपलं. हजारो परतले नाहीत.

आता आपल्या घरातला प्रश्न. समोर तुर्कांचा सुलतान, म्हणजे खलिफा, आणि त्याने नोव्हेंबर 1914 मध्ये जिहाद पुकारलेला. मग मुसलमान शिपायांनी काय केलं? दोन्ही केलं. 1916 च्या फेब्रुवारीत बसऱ्यात 15 व्या लान्सर्सच्या चारशेवर सवारांनी पवित्र स्थळांजवळ मुसलमानांशी लढायला नकार दिला आणि कोर्टमार्शल पत्करलं. बाकीचे हजारो लढत राहिले. एक धर्म, एक पलटण, आणि माणसागणिक वेगळा निर्णय. ‘मुसलमान सैनिकाला काय वाटलं’ असं एकवचनी वाक्य कोणी सुरू केलं की मला ही बसऱ्याची गोष्ट आठवते.

त्याच बसऱ्यात त्यांचं स्मारक आहे. चाळीस हजारांहून अधिक मृतांचं. ब्रिटिश शिपायाचं नाव कोरलेलं, हिंदी अधिकाऱ्याचंही. हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली फक्त संख्या. 2021 मध्ये युद्धस्मारकांच्या कॉमनवेल्थ आयोगाने अहवाल काढून या भेदभावाची माफी मागितली. आपल्याकडे सातारा-रत्नागिरीकडच्या गावांत पाट्या आहेत: या गावातून इतके गेले, इतके मेले. तिथेही आकडाच.

आयोगाच्या वेबसाइटवर आता नावं शोधता येतात. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुकाही मिळतो. मी शोधायला बसलो आणि रोजचंच दुखणं समोर आलं. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलंय. मावळ दोन तऱ्हांनी, शेख तीन तऱ्हांनी, महंमद तर विचारूच नका. नेमकं स्पेलिंग टाकलं की माणूस सापडत नाही. आधार, रेशनकार्ड, मतदार यादी यांत नावाचं एक अक्षर हुकलं म्हणून आपल्यापैकी किती जणांच्या चपला झिजल्यात, ते मला सांगायला नको.

आणखी एक. हल्ली अशा याद्या आपण पुरावा म्हणून पुढे करतो: बघा, आमचेही मेले. मोह मलाही होतो. पण ते इंग्रजांच्या साम्राज्यासाठी मेले, इराकी माणसाच्या जमिनीवर. त्यांच्या मरणावर आपलं नागरिकत्व तारण ठेवायचं कशाला? ते आपल्याकडे जन्माने आहे. नावं शोधायची ती त्यांच्यासाठी.

तर एक काम देतो. घरी जुन्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांचं गोल मेडल असेल, एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, तर ते मोडीत घालू नका. कडेवर भिंग धरून बघा. नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक कोरलेली असते. फोटो काढून आणा, स्पेलिंगचं मी बघतो.