मंदावलेली स्वरलेखणी

गुस्टाव्ह माहलरच्या आठव्या सिंफनीत आठ एकलगायक, अनेक गायकवृंद आणि प्रचंड वाद्यवृंद एकत्र येतात. असा स्कोअर संगणकावर उतरविताना पहिली पाने झपाट्याने होतात. पुढे मात्र एक स्वर लिहिला, की तो उमटेपर्यंत थांबावे लागते. तालीम तोंडावर आलेली असते आणि नकलनवीस नवा संगणक घ्यावयास निघतो. निदानाआधीच औषध, असा हा प्रकार होय.

विलंबाचे मूळ स्वरलेखनाच्या स्वरूपातच आहे. एक स्वर वाढला, की त्या बारची रुंदी बदलते. मग ओळ कोठे तोडावी, पान कोठे संपवावे, हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

म्हणून परीक्षा क्रमाने व्हावी, तीही मूळ स्कोअरच्या प्रतीवर. प्रथम वाद्यांचे ध्वनिनमुने बंद करावेत. वेग परतला, तर भार तेथे होता. नाहीतर प्रत दुभागावी. एकाच भागात मंदपणा उरला, तर दोष तेथे शोधावा. दोन्ही भाग चपळ झाले, तर तो आकाराचाच भार. मग काम खंडाखंडाने करून शेवटी जोडावे. १९९६ साली सुरू झालेल्या लिलीपाँडमध्ये तर हवे तेवढेच बार कोरून पाहण्याची सोय आहे.

कथिलमिश्रित धातूच्या पत्र्यावर स्वर कोरणारा जुना कारागीर आधी सारी जागा मोजी, मगच हत्यार उचली. यंत्राला ते मोजमाप क्षणोक्षणी करावे लागते. त्याला दूषण देण्यापूर्वी ते काय मोजीत आहे, हे पाहणे श्रेयस्कर.