सस्कॅचेवनचे तेवीस दिवस
(व्याख्यानाचा मजकूर)



योजना लोकहिताची असली की जनता तिचे स्वागतच करील, असे राज्यकर्त्यांना सहज वाटते. कॅनडातील सस्कॅचेवन या गव्हाच्या प्रांताचा अनुभव मात्र निराळा आहे.

टॉमी डग्लस यांना बालपणी पायाच्या हाडाचा विकार जडला होता. एका शल्यविशारदाने विनामूल्य उपचार केले म्हणून त्यांचा पाय वाचला. उपचार हा दयेचा नव्हे, हक्काचा विषय असावा, ही धारणा त्यांच्या मनात तेव्हापासून रुजली. १९४४ साली ते प्रांताचे मुख्यमंत्री झाले. १९४७ मध्ये रुग्णालय विमा सुरू झाला आणि १९६० ची निवडणूक त्यांनी डॉक्टरी उपचारांच्या विम्याच्या प्रश्नावर जिंकली.

पुढच्याच वर्षी डग्लस केंद्रीय राजकारणात गेले. वुड्रो लॉइड यांच्या सरकारने १ जुलै १९६२ रोजी योजना अंमलात आणली आणि त्याच दिवशी बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. शासन आपल्या व्यवसायावर हुकमत गाजवील, ही त्यांची भीती होती. लोकमतही दुभंगले. ‘आमचे डॉक्टर राखा’ अशी हाक देत गावोगावी समित्या निघाल्या; लेकराला ताप चढला तर जायचे कोठे, ही मातांची चिंता काही खोटी नव्हती. दुसरीकडे योजनेच्या समर्थकांनी एकत्र येऊन सामुदायिक दवाखाने उभारले. ब्रिटनहून डॉक्टर आणण्यात आले. ११ जुलैला रेजायना येथील विधानभवनासमोर विरोधकांचा मोर्चा आला; पण अपेक्षेपेक्षा गर्दी फारच कमी जमली.

अखेर ब्रिटनचे लॉर्ड टेलर यांच्या मध्यस्थीने २३ जुलैला सस्काटून येथे समझोता झाला. योजना राहिली, योजनेबाहेर राहून व्यवसाय करण्याची मुभा डॉक्टरांना मिळाली.

सुधारणेची किंमत नेत्यांनी मोजली. जून १९६२ मध्ये रेजायनातील मतदारांनी डग्लस यांना लोकसभेच्या निवडणुकीत पराभूत केले. १९६४ मध्ये त्यांच्या पक्षाची प्रांतातील सत्ताही गेली. परंतु नव्या सरकारने योजना रद्द केली नाही, कारण तोवर लोकांनी तिचा लाभ अनुभवला होता. १९६६ साली केंद्रीय कायदा झाला आणि १९७२ पर्यंत सर्व प्रांत या व्यवस्थेत आले. २००४ मध्ये कॅनडाच्या दूरचित्रवाणी प्रेक्षकांनी डग्लस यांनाच सर्वश्रेष्ठ कॅनडियन म्हणून कौल दिला.

लोकांची भीती ऐकून घ्यावी, तडजोडीची वाट मोकळी ठेवावी, पण मूळ हेतू सोडू नये, हाच या तेवीस दिवसांचा बोध आहे.