दारात आलेली परिचारिका

परिचारिका म्हटलं की आपल्याला रुग्णालय आठवतं. मी नर्सिंगच्या मुलींना सामाजिक आरोग्य शिकवते. तिथं रुग्णालयापेक्षा रस्ता आणि उंबरठाच जास्त येतो. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यांमध्ये कृष्णवर्णीयांच्या वस्तीत काम केलेल्या दोन परिचारिकांबद्दल मी वर्गात नेहमी सांगते. दोघीही कृष्णवर्णीय, दोघीही अलाबामातल्या टस्किगीच्या संस्थेत शिकलेल्या.

मॉड कॅलन १९२३ साली साउथ कॅरोलायनातल्या पाइनव्हिलला आल्या. सुमारे ४०० चौरस मैलांचा मुलूख, चिखलाच्या वाटा, गरिबी, आणि डॉक्टर दूर. बाईंनी शेकडो बाळंतपणं केली. पण मला त्यांचं मोठेपण दिसतं ते सुइणींच्या वर्गात. हात कसे धुवायचे, नाळ कशी कापायची, अडलेली बाई कधी हलवायची, हे त्यांनी गावच्या सुइणींना शिकवलं. सुईण अडाणी म्हणून तिला बाजूला सारलं नाही. (आपल्याकडे हे शहाणपण नेहमीच दाखवलं गेलं असं नाही.) १९५१ साली ‘लाइफ’ साप्ताहिकात यूजीन स्मिथ यांनी काढलेली त्यांच्या कामाची छायाचित्रं आली. ती पाहून वाचकांनी पैसे पाठवले आणि १९५३ मध्ये पाइनव्हिलला दवाखाना उभा राहिला.

दुसऱ्या युनिस रिव्हर्स. १९३२ साली सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेनं अलाबामाच्या मेकन काउंटीत सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यातल्या ३९९ जणांना उपदंश, म्हणजे गरमी होती. त्यांना सांगितलं गेलं, तुमचं ‘रक्त खराब’ आहे, आम्ही उपचार करतोय. प्रत्यक्षात रोग कसा वाढतो एवढंच पाहायचं होतं. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते दिलं नाही. १९७२ साली वृत्तपत्रांत बोभाटा झाला तेव्हा हे थांबलं. या माणसांना गाडीत घालून तपासणीला नेणाऱ्या, घरच्यांची विचारपूस करणाऱ्या, शवविच्छेदनाला संमती दिलीत तर अंत्यविधीचा खर्च मिळेल असं सांगणाऱ्या रिव्हर्सबाई होत्या. लोक डॉक्टरांना ओळखत नव्हते, बाईंना ओळखत होते.

मुली विचारतात, त्या दुष्ट होत्या का? मला तसं वाटत नाही. त्यांना त्या माणसांची माया होती, आणि निर्णय वरचे गोरे डॉक्टर घेत. पण दारात उभ्या होत्या त्याच. त्यांच्या शब्दावर लोक गाडीत बसत होते.

१९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली. मात्र २०२३ सालीही अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू सुमारे ५०, तर गोऱ्या मातांचे १५ च्या आत होते. तिथल्या खेड्यांतल्या रुग्णालयांचे प्रसूती विभागही बंद पडत आहेत, म्हणजे घरोघर जाणाऱ्या परिचारिकेची गरज पुन्हा वाढली आहे. ती लसीची पेटी घेऊन गेली की कुणीतरी म्हातारं माणूस टस्किगीचं नाव काढतं. मग तिला पेटी खाली ठेवून आधी ते सगळं ऐकून घ्यावं लागतं.