गावची चव आणि तिचा हिशेब



कामगार चळवळीत काम करणाऱ्या माणसाला स्वयंपाकघराविषयी बोलायला उभे केले, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. पगार, बोनस, पाळ्या यांवर मी घटकाभर सहज बोलू शकतो. परंतु चिटणिसांनी ‘परमुलखात गावचे जेवण’ हा विषय सुचवला, तेव्हा माझ्या लक्षात आले की या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार मलाही आहे. माझी आई खानावळ चालवीत असे.

परमुलूख म्हटला की आज आपल्या डोळ्यांपुढे अमेरिका येते, दुबई येते. माझ्या आजोबांचा परमुलूख मुंबई हाच होता. देवगडला आगबोटीत चढायचे आणि भाऊच्या धक्क्यावर उतरायचे. मध्ये एक अख्खा समुद्र. घाटावरून येणाऱ्याला समुद्र नव्हता, पण त्याच्याही ताटातली भाकरी मागे राहिली होती. गिरणगावात एका खोलीत दहा-पंधरा माणसे पाळीपाळीने झोपत. बायकामुले गावी असत. अशा माणसांना दोन वेळा जेवू घालण्यासाठी चाळीतल्या बायकांनी खानावळी काढल्या. जेवणाऱ्याला ‘मेंबर’ म्हणत, चुकलेल्या जेवणाला ‘खाडा’ म्हणत आणि रविवारी दुपारी ‘फीस्ट’ असे.

आईकडे अकरा मेंबर होते. सहा आमच्या कोकणातले, पाच सातारा भागातले. कोकणातल्यांचे सोपे होते. मे महिन्यात गावाहून मसाला, आमसुले, सुके बांगडे आणि कुळथाचे पीठ येई, ते पावसाळाभर पुरे. आईने तिच्या आईकडून जे उचलले होते तेच ती रांधी. प्रश्न होता घाटावरच्यांचा. त्यांचे जेवण तिने कधी पाहिलेले नव्हते.

मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. एका रात्री आईने कुळथाची पिठी केली होती. पिठी म्हणजे भाजलेल्या कुळथाचे पीठ पाण्यात कालवून, लसूण-मिरचीच्या फोडणीत शिजवायचे, आमसूल टाकायचे आणि मऊ भाताबरोबर खायचे. सातारकडचा एक मेंबर वास घेऊन म्हणाला, “मावशी, हे आमचं हुलगं हाय.” कोकणातला म्हणाला, “हुलगं नाय, कुळीथ.” दोघांची चांगलीच जुंपली. भांडण मिटल्यावर तो सातारकर हळूच म्हणाला, “आमच्याकडं आई ह्याचं शेंगोळं करती.”

आईने शेंगोळे हा शब्द प्रथमच ऐकला. कसे दिसतात, म्हणून तिने विचारले. त्याने बोटाने हवेत कडे काढून दाखवले. पीठ मळायचे, हातावर वळायचे, कडे करायचे आणि तिखट पाण्यात शिजवायचे, इतकेच त्याला ठाऊक. आयुष्यात तो चुलीपुढे बसलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी आईने घरातल्या पिठाचे शेंगोळे वळले आणि पातेल्यात सोडले. ते सगळे विरघळले. पातेल्यात झाली ती पुन्हा पिठीच. तो मेंबर एक अक्षर न बोलता दोन वाट्या प्याला.

चैत्रात तो गावच्या जत्रेला गेला. परत आला तो आईचा निरोप घेऊन. पीठ भाजू नको. मूठभर गव्हाचे पीठ घाल. पाण्याला खळखळ उकळी फुटल्याशिवाय शेंगोळे सोडू नको. आई म्हणाली, “म्हंजे भाजूचा नाय, तर!” आणि हसत सुटली, कारण कोकणातले पिठीचे पीठ भाजलेल्या कुळथाचेच असते. पुढच्या शनिवारी शेंगोळे अखंड उतरले. त्या माणसाने पहिला घास घेतला आणि तो बराच वेळ खाली पाहत राहिला.

त्या दोघी बायका एकमेकींना कधीच भेटल्या नाहीत. एकीला दुसरीचे नावही ठाऊक नव्हते. ज्याला साधा भात लावता येत नव्हता अशा पुरुषाच्या तोंडून एका आईची विद्या दुसरीच्या हातात गेली. गावची चव परमुलखात जाते ती अशी. नुसते जिन्नस बरोबर नेऊन भागत नाही. तिकडे कुणीतरी विचारावे लागते, कुणीतरी चुकावे लागते आणि पुन्हा पातेले चढवावे लागते.

हे केवळ मुंबईतच घडले असे नाही. आपल्या रायगड किनाऱ्यावरचे बेने इस्रायली लोक 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तिथेही त्यांनी मराठी टाकली नाही आणि मलिदाही टाकला नाही. भिजवलेले पोहे, खोबरे, गोड आणि फळे यांचा हा मलिदा नवस फेडताना, मंगलकार्यात केला जातो. त्यांच्या धर्मात मांसाबरोबर दूध वर्ज्य. पण कोकणचा नारळ गाईचा नव्हे, म्हणून नारळाच्या दुधातले मटण त्यांना चालते. पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहून शिकलेली ही युक्ती परदेशातही त्यांच्या घरातल्या बायकांनीच सांभाळली.

इथपर्यंतची कथा गोड आहे. परंतु मी हिशेबाचा माणूस आहे, आणि हिशेब अजून मांडलेला नाही.

अकरा मेंबर, दोन वेळा, म्हणजे दिवसाला बावीस ताटे. रविवारची रात्र बंद धरली तरी महिन्याची सहाशेहून अधिक. पहिली पाळी सकाळी सातला, म्हणून आई साडेतीनला उठे. रात्रीची भांडी दहाला आटोपत. वाण्याचे बिल, रॉकेल, मासळी हे सारे तिच्या वहीत लिहिलेले असे. तिच्या स्वतःच्या श्रमांसाठी मात्र त्या वहीत रकाना नव्हता.

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत माझे वडील होते आणि आमचे अकराही मेंबर. पहिले दोन महिने आईने सर्वांना उधारीवर जेवू घातले. संपावरच्या माणसाला उपाशी कसा ठेवायचा, हा तिचा साधा प्रश्न. मग वाण्याने हात आखडला. एकेक मेंबर गावी गेला. पुष्कळजण परतले नाहीत. शेंगोळेवालाही परतला नाही. वहीत त्याच्या नावावर दोन महिन्यांची बाकी राहिली. आईने ते पान कधी फाडले नाही, त्यावर काट मारली नाही आणि त्या माणसाला तिने कधी दोषही दिला नाही.

या बायकांकडे कुणाचेच लक्ष नव्हते असे म्हटले तर अन्याय होईल. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली खानावळवाल्या बायकांचे ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले. सावकार आणि वाणी यांच्या पेचातून त्यांना सोडवले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. आमच्या चाळीतल्या काही जणी त्यात गेल्या. माझ्या वडिलांना बँकेच्या कागदाची भीती वाटली, म्हणून आई राहिली.

पण आम्ही संघटनावाले? मी पुढे कारखान्यात लागलो, युनियनमध्ये आलो, रात्री जागून ग्रंथ वाचले. वरकड मूल्य मला पुस्तकातून समजले. आईची वही समजायला त्याहून अधिक वर्षे लागली. 1948 च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृहाची तरतूद केली होती. ते सुरू व्हावे, नीट चालावे म्हणून मी मालकांशी भांडलो. त्या वेळी घाटकोपरला भटवाडीत माझी आई पुन्हा पाच मेंबरांना जेवू घालीत होती. कामगार म्हणून तिची मोजदाद करावी, असे माझ्या एकाही भाषणात मी म्हटले नाही. ही कबुली मला आज आपल्यापुढे द्यायची होती.

आता खानावळी विरळ झाल्या. त्यांची जागा पोळी-भाजी केंद्रांनी घेतली. घाटकोपर-मुलुंडच्या कोणत्याही गल्लीत ‘घरगुती चव’ अशी पाटी दिसते. आत चार-पाच बायका उभ्याने पोळ्या लाटत असतात. कित्येक ठिकाणी त्यांना पोळीमागे मोबदला मिळतो. त्या जिथून आल्या तिथली चव आता त्यांच्याच मुलांना मिळत नाही, कारण घरी पोचेपर्यंत हात उरलेले नसतात.

माझे मागणे मोठे नाही. आपण त्या पाटीखाली उभे राहाल तेव्हा पोळी कितीला, हे विचाराच. पण लाटणारीला किती मिळतात आणि ती बसते केव्हा, हेही विचारा. मी त्यांच्यात जाऊन बसायला लागलो आहे. अजून संघटना झालेली नाही. एक वही मात्र घातली आहे. तिच्यात पहिला रकाना श्रमाच्या तासांचा आहे.

आई आता थकली आहे. मागच्या थंडीत तिने मला शेंगोळे करायला लावले. पहिल्यांदा माझे विरघळले. खाटेवरून तिने विचारले, “पाण्याक उकळी इल्ली काय रे?” पाण्याला उकळी आलेली नव्हती.