आधी त्याच्याशी, मग त्याच्याविषयी



आज प्रमाणपत्र घेणाऱ्या भावांनो, बहिणींनो, अभिनंदनाची सुरुवात तुमच्या चिकाटीपासून करतो. बडोद्याच्या जीआयडीसीतली पहिली पाळी संपवायची, घरी येऊन हातपाय धुवायचे, चहाचा घोट घ्यायचा आणि वही काखेत मारून बायबलच्या वर्गाला यायचं, हे सोपं नाही. घरकाम आणि मुलांचा अभ्यास उरकून आलेल्या बहिणींचं कौतुक त्याहून जास्त. शास्त्राचा तास चालू असताना कुणाला डुलकी लागली असेल, तर त्यालाही आधार आहे. त्रोवसला पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं, तेव्हा युतुख नावाचा तरुण पेंगला आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडला. पौलाने त्याला पुन्हा उभं केलं. माझ्यात ते सामर्थ्य नाही, म्हणून मी आटोपशीर बोलणार आहे.

उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत तुम्ही बरंच वाचलंत. त्यात आज मी भर घालत नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली एकच गोष्ट सांगतो. भावाने आपला अपराध केला तर काय करावं, याची रीत येशूने पायरीपायरीने घालून दिली आहे. आधी एकट्याने त्याच्याकडे जायचं आणि दोघांतच बोलायचं. त्याने ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्यायचं. तरीही नाही, तर मंडळीच्या कानावर घालायचं. आपली रीत नेमकी उलटी असते. आधी सगळ्या मंडळीत बोभाटा होतो, मग एकदोन जण मध्यस्थीला निघतात, आणि ज्याचा त्याला पत्ता लागतो सर्वांत शेवटी, तोही तिसऱ्याच्या तोंडून. ज्याच्याविषयी बोलायचं, त्याच्याशी आधी बोला. तुमच्या सगळ्या अभ्यासाचा कस बोलण्यात, घरात आणि मंडळीत इथेच लागणार आहे.

आधी बोलणं. याकोबाने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेवर जेवढं लिहिलं, तेवढं दुसऱ्या कुठल्या अवयवावर लिहिलेलं नाही. घोड्याचा लगाम, जहाजाचं सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी, असे दाखले त्याने दिले. आणि ज्या तोंडाने आपण देवाचं स्तवन करतो त्याच तोंडाने माणसाला शाप देतो, हे शोभत नाही, असं बजावलं. त्याच्या काळी मोबाईल नव्हता. आता प्रार्थनेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री दहाला येणारा मेसेज पाहा: ‘एका बहिणीच्या घरासाठी प्रार्थना करावी. नाव सांगत नाही. मांजलपूरला राहते, मिस्टर ओएनजीसीत आहेत.’ खाली सतरा जणांचे जोडलेले हात. सकाळपर्यंत त्या बहिणीच्या चुलत जावेचा फोन: ‘काय गं, काय ऐकतेय मी?’ मेसेज टाकणाऱ्याला विचारलं तर तो शपथेवर सांगेल की आपण प्रार्थनाच मागितली. प्रार्थना मागायचीच होती, तर ती तिच्या दारात जाऊन, तिला विचारून, तिच्यासोबत करता आली असती.

आणि तिच्या दारात गेल्यावर काय बोलायचं? बहुतेक वेळा फार काही नाही. ईयोबाच्या मित्रांना आपण नावं ठेवतो, पण सुरुवात त्यांनी चांगली केली होती. त्याचं दुःख पाहून ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि सात दिवस, सात रात्री गप्प राहिले. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर. तुम्ही शास्त्र शिकलात, तेव्हा मयताच्या घरी, दवाखान्यात, नोकरी गेलेल्याच्या ओसरीवर लोक तुमच्याकडून वचनाची अपेक्षा ठेवतील. ‘देवाच्या मनात काहीतरी चांगलंच असेल’ हे वाक्य जिभेच्या टोकावर येईल. ते गिळा. डबा न्या, रांगेत उभे राहा, औषधं आणून द्या.

आता घर. इथल्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांना माहीत आहे की जॉब स्वतःचं माप स्वतः घेत नाही. गेज बाहेरून लावावा लागतो, आणि तो एकतर बसतो नाहीतर बसत नाही. आपल्या भक्तीचा गेज घरच्यांच्या हातात असतो. मराठी ख्रिस्ती माणसाकडे याचं मोठं उदाहरण आहे. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि पती-पत्नी काही वर्षं एकमेकांपासून दूर राहिली. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या त्या आपला सोवळा धर्म सोबत घेऊन. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतः विचार करून. नवऱ्याने घेतला म्हणून नव्हे. 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी टिळकांचा शीघ्रकोप लपवला नाही, घरखर्चाचे पैसे कुणा गरजूच्या हातावर ठेवून मोकळं होण्याची त्यांची खोड लपवली नाही, दोघांची कडाक्याची भांडणंही लपवली नाहीत. तरी पुस्तक मिटताना वाचकाला टिळकांविषयी आदरच वाटतो, कारण त्या घरात भांडण तोंडावर व्हायचं आणि समेटही तोंडावर व्हायचा. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं, तेव्हा ते पुढे नेण्याचं काम याच लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतलं. तुमच्या भक्तीवर तुमच्या बायकोने किंवा नवऱ्याने पुस्तक लिहायचं ठरवलं, तर त्यात काय काय येईल, एवढा विचार आज रात्री करून पाहा.

पुरुषांना आणखी एक सांगतो. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं बायकोने नवऱ्याच्या अधीन राहावं हे बाविसावं वचन आपल्याकडे पाठ असतं. त्याच्या आधीच्या एकविसाव्या वचनात सर्वांनीच एकमेकांच्या अधीन राहायला सांगितलं आहे, आणि पंचविसाव्यात नवऱ्यापुढे थेट वधस्तंभाचा आदर्श ठेवला आहे. सोयीचं वचन तेवढं तोडून घेणं ही तुमच्या वर्गाची शिकवण नाही. पुढच्या अध्यायात बापांना सांगितलं आहे की मुलांना चिडीला आणू नका. ‘शेजारच्याचा मुलगा बघ, बारावीला किती मार्क’ हे पाहुण्यांसमोर बोलणं म्हणजे मुलाविषयी बोलणं. मुलाशी बोलायचं, तर पाहुणे गेल्यावर त्याच्याजवळ बसावं लागतं.

सेवेच्या नावाने घर वाऱ्यावर सोडणाऱ्यांसाठी मार्काचा सातवा अध्याय आहे. आईबापांच्या पोषणाचा पैसा देवाला वाहिला असं म्हणून हात वर करणाऱ्यांना येशूने फटकारलं होतं. म्हाताऱ्या आईचे गुडघे दुखत आहेत, तिला दवाखान्यात न्यायला कुणी नाही, आणि मुलगा उपवास-प्रार्थनेच्या मांडवात खुर्च्या लावतोय, असं चित्र असेल तर त्याने मांडव सोडावा.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. ‘आधी दोघांत बोला’ ही रीत अपराध सहन करणाऱ्याचं तोंड बंद करायला कधी वापरू नका. जिला मारहाण होते तिला ‘एकटी जाऊन नवऱ्याशी बोल’ असं सांगणं म्हणजे तिला पुन्हा त्याच हातांत देणं. घरगुती हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे, गुजरातमध्ये 181 हा अभयम् हेल्पलाइनचा नंबर आहे. तो पाठ करा. मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ते प्रकरण मंडळीच्या पंच कमिटीत मिटवण्याचं नाही. मत्तयाच्या त्याच अठराव्या अध्यायात, हा नियम सांगण्याआधी, लहानग्यांना अडखळवणाऱ्याविषयी येशूचे सर्वांत कडक शब्द आहेत. अध्याय पहिल्यापासून वाचायचा असतो.

आणि मंडळी. बडोदा पहिल्यापासून अनेक भाषांचं शहर. गायकवाडी मराठी इथे मुरली, गुजराती तर घरचीच, आणि कारखान्यांमागोमाग तमिळ, मल्याळी, हिंदी बोलणारे विश्वासी आले. उपासना कुठल्या भाषेत, नाताळच्या कार्यक्रमात कुणाची किती गाणी, पंच कमिटीत कुणाची किती माणसं, यावरून कुरकुर होते. तिला नवी समजू नका. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीतलं गाऱ्हाणं हेच होतं: ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केलं नाही. सगळ्यांना बोलावून विषय उघड मांडला आणि वाटपासाठी सात माणसं निवडायला सांगितली. त्या सातांची नावं पाहा, स्तेफन, फिलिप्प, निकानोर. सातही नावं ग्रीक. ज्यांची तक्रार होती, वाटपाची पळी त्यांच्याच हातात दिली. आपल्या कमिटीला हे कितपत जमेल?

अंत्युखियात तर प्रत्यक्ष पेत्र चुकला. परराष्ट्रीयांच्या पंगतीत बसत होता. यरुशलेमहून माणसं आली तसा तो उठून वेगळा झाला. आपल्या भाषेत हा चक्क पंक्तिभेद. पौलाने पेत्राच्या पाठीमागे पत्रक काढलं नाही, तोंडावर विचारलं, आणि चूक सर्वांदेखत झाली होती म्हणून सर्वांदेखत विचारलं. सोयरिकीच्या बैठकीत बाप्तिस्म्याच्या आधी आडनाव आणि मूळ जात विचारणाऱ्या आपल्या मंडळ्यांना पौलासारखं विचारणारं कुणीतरी हवं आहे.

असं विचारूनही नातं टिकतं का? पंडिता रमाबाईंनी ते टिकवून दाखवलं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे शिकवण, चर्चचा अधिकार आणि पुरुषांना शिकवण्याची मोकळीक यांवरून त्यांचे आणि त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांचे तीव्र मतभेद झाले. रमाबाईंनी ते मनात दाबून ठेवले नाहीत. ‘आजीबाई’ म्हणून ज्यांना हाक मारायच्या, त्यांनाच पत्रं लिहून स्पष्ट कळवलं की एका पुरोहितशाहीतून सुटले ती दुसरीत अडकायला नाही. जेराल्डिनबाईंनी ती पत्रं जपून ठेवली, म्हणून 1977 मध्ये ती पुस्तकरूपाने आपल्या हाती आली. याच रमाबाईंनी संवत 1956 च्या, म्हणजे 1899-1900 च्या छप्पनिया दुष्काळात या गुजरातमधल्या शेकडो मुलींना केडगावच्या मुक्ती सदनात आसरा दिला. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सोप्या मराठीत केलेलं बायबल मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकामुलींच्या हातून छापलं गेलं. धर्ममातेशी वाद घालणाऱ्या बाईने मंडळी मोडली नाही. पोटात भूक घेऊन आलेल्या मुलींनी तिची मंडळी भरली.

तुमच्यातले काही जण रविवारच्या शाळेत शिकवतील, काही उपदेशाला उभे राहतील, बरेचसे सोमवारी मशीनवर, ऑफिसात, ओट्यापाशी परततील. तिघांनाही परीक्षा एकच, आणि तिचा पेपर आजच फुटला आहे असं समजा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणलं आणि भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. मी बोलत असताना तुम्हाला एखादं नाव आठवलं असेल. बहुधा ती व्यक्ती तरसाली-मानेज्यापलीकडे राहत नाही. कदाचित याच हॉलमध्ये मागच्या रांगेत बसली असेल. प्रमाणपत्र घ्या, फोटो काढा, मग ग्रुपवर फोटो टाकण्याआधी तिच्याकडे जा. बोलणं कसं सुरू करावं हे सुचलं नाही, तर ‘बसू का जरा?’ एवढं पुरतं.

तुम्हा सर्वांचं मनःपूर्वक अभिनंदन. आता उठा आणि कामाला लागा.