मोडीची मोटार आणि तिचे कागद

शहरांतील कोणत्याही जुन्या वसाहतीच्या आवारांत एक दृश्य हटकून दिसतें. कुंपणाच्या कडेला, एखाद्या गुलमोहराच्या सावलींत, एक मोटार उभी असते. चारी चाकें बसलेलीं, कांचेवर धुळीचा थर, त्या थरावर मुलांनीं बोटानें काढलेलीं चित्रें, आणि टपावर मांजराचें बिऱ्हाड. हीच मोटार प्रथम दारीं आली तेव्हां तिला हळदकुंकू वाहिलें होतें, नारळ फोडला होता आणि चाकांखालीं लिंबें ठेवलीं होतीं. तिच्या नोंदणीचें पुस्तक घरांत आलें तें देव्हाऱ्यापुढें ठेवूनच कपाटांत गेलें. पुढें मोटार घराबाहेर काढावयाची वेळ येते तेव्हां मात्र त्या पुस्तकाची आठवण कोणास राहत नाहीं.

अशाच एका घरची हकीकत घेतां येईल. घर कल्पनेंतलें मानलें तरी चालेल. प्रकार कल्पनेंतला नाहीं. पुण्यांतील एका गृहस्थांनीं नोकरींत असतां १९९८ सालीं मारुति ८०० ही मोटार घेतली. या जातीची मोटार डिसेंबर १९८३ मध्यें प्रथम ग्राहकांच्या हातीं पडली आणि जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. मधल्या तीस वर्षांत किती मध्यमवर्गीय घरांची ती पहिली मोटार ठरली! खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून पांच पांच वर्षांनीं ती वाढवून घेतां येते. त्याप्रमाणें २०१३ सालीं गृहस्थांनीं नूतनीकरण केलें. २०१८ सालीं तें राहून गेलें, विमाही संपला, आणि मोटार गुलमोहराखालीं जाऊन बसली. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचें शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालें, तेव्हां दुरुस्तीचा उरलासुरला विचारही मावळला.

एके दिवशीं सकाळीं भंगारवाला आला. त्यानें मोटारीभोंवतीं एक फेरी मारली, बॉनेट उघडून पाहिलें, आणि अठरा हजार रोख देतों म्हणाला. गृहस्थांस आकडा पसंत पडला. घरांतून प्रश्न आला तो पत्नीचा.

"अहो, पण पुस्तकावरचें तुमचें नांव कोण काढणार?"

"काकू, तें सगळें आमचा एजंट करतो," भंगारवाला म्हणाला. "काकांनीं फक्त या दोन फॉर्मांवर सह्या करून ठेवाव्या. बाकीचें आम्ही भरून घेऊं."

ते दोन फॉर्म म्हणजे २९ आणि ३० क्रमांकाचे. पहिला विकणारानें विक्रीची खबर देण्याचा, दुसरा हस्तांतराच्या नोंदीसाठीं करावयाच्या अर्जाचा. दोन्ही कोरे होते. घेणाराचें नांव नाहीं, तारीख नाहीं, रक्कम नाहीं. गृहस्थांनीं सह्या केल्या, मूळ पुस्तक दिलें, नोटा मोजून घेतल्या. पावती मागण्याचें कोणास सुचलें नाहीं. चार पोरांनीं ढकलीत ढकलीत मोटार फाटकाबाहेर नेली.

पांच महिन्यांनीं गृहस्थांच्या दूरध्वनीवर दंडाची सूचना आली. जी मोटार फाटकापर्यंत स्वतःच्या बळावर जाऊं शकली नव्हती, ती नाशिकच्या महामार्गावर वेगमर्यादा ओलांडून धांवत होती! सूचनेसोबत छायाचित्र होतें. पाटीवरचा क्रमांक बिनचूक त्यांचा. मोटारीचा रंग मात्र वेगळा.

हें कोडें उलगडण्यास भंगाराच्या धंद्याचें थोडें ज्ञान हवें. मारुति ८०० चें वजन सुमारें साडेसहाशें किलो. त्यांतून रबर, कांच, कापड, फोम वजा जातां लोखंडाच्या भावानें जें उरतें तें फार नसतें. तथापि मोडीच्या मोटारींत लोखंडाहून मोलाच्या वस्तु असतात. बॅटरींतील शिसें, डायनॅमोंतील तांबें, रेडिएटरची धातु, चालू स्थितींतील गिअरपेटी, दरवाजे, दिवे. धूर शुद्ध करणारें जें यंत्र धुराच्या नळीवर बसविलेलें असतें त्यांत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असतो. मालकास यांतलें कांहींच ठाऊक नसतें. तो सगळी मोटार लोखंड म्हणून विकतो. मुंबईंत कुर्ल्याच्या बाजारांत हिंडून पाहिलें म्हणजे एका मेलेल्या मोटारीचे किती सुटे भाग जिवंत असतात हें दिसतें. या व्यापारांत गैर असें कांहीं नाहीं. बहुतेक भंगारवाले कष्टाचें खाणारे आहेत, आणि त्यांच्यामुळें कित्येक जुन्या गाड्या रस्त्यावर टिकून आहेत हेंही खरें.

परंतु सर्वांत महाग भाग लोखंडाचा नसतो. तो कागदाचा असतो. चोरलेली मोटार चोरास जशीच्या तशी विकतां येत नाहीं, कारण तिचा क्रमांक पोलिसांच्या यादींत गेलेला असतो. अशा वेळीं त्याच जातीची एखादी मोडीत निघालेली मोटार शोधतात. तिची पाटी, तिचें नोंदणी-पुस्तक आणि तिच्या चॅसिसवर कोरलेला क्रमांक हीं तिन्ही चोरीच्या मोटारीस चढवितात. मेलेल्या माणसाच्या नांवानें दुसऱ्यानें वावरावें तसाच हा प्रकार. भंगारांत वा अपघातांत संपलेल्या मोटारींचे कागद असे वापरल्याचीं प्रकरणें आपल्या देशांत पोलिसांनीं अनेकदां उघडकीस आणलेलीं आहेत. तेव्हां पांच हजारांची किंमत असलेल्या सांगाड्यास कोणी अठरा हजार देऊं लागला, तर वरचे तेरा कशाचे, हें विकणारानें स्वतःस अवश्य विचारावें.

दंड भरून सुटतां येतें. खरी धास्ती निराळी आहे. ती मोटार कोणास धडकली तर?

येथें मालकी या शब्दाचा घोळ होतो. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याच्या दृष्टीनें मोटार ही इतर कोणत्याही जंगम वस्तूसारखी वस्तु होय. सौदा ठरला, वस्तु दिली, किंमत घेतली, कीं मालकी पालटली. मग ती मोटार असो वा शिवणयंत्र. म्हणून गृहस्थ मोठ्या विश्वासानें म्हणत होते, "मीं विकली, माझा संबंध संपला." पण १ जुलै १९८९ पासून अमलांत असलेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें मालक या शब्दाची स्वतःची व्याख्या केलेली आहे. अज्ञान मुलें आणि कर्जावर घेतलेल्या मोटारी यांचे अपवाद वगळले, तर ज्याच्या नांवें नोंद तो मालक, इतकी ती सरळ आहे. मोटार कोणाच्या आवारांत आहे, पैसे कोणीं मोजले, याची ती विचारपूस करीत नाहीं.

सर्वोच्च न्यायालयापुढें असें एक प्रकरण आलें होतें. मोटार २००७ सालीं विकली गेली आणि एकामागून एक अनेकांच्या हातीं पडली. नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नांवें राहिली. २००९ सालीं त्या मोटारीखालीं एकाचा जीव गेला. भरपाई कोणीं द्यावयाची? ६ फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयांत न्यायालयानें जबाबदारी नोंदीवरील मालकावर ठेवली. ज्याचें माणूस गेलें त्यानें बिननोंदीच्या विक्रींची सांखळी शोधीत कोठवर हिंडावें, असा न्यायालयाचा विचार होता, आणि तो योग्यच म्हटला पाहिजे. विकणारास निर्णय कठोर वाटेल. पण मृताच्या आप्तांच्या जागीं उभें राहून पाहिलें म्हणजे त्यांतील न्याय कळतो. आपल्या गृहस्थांच्या मोटारीचा विमा तर कधींच संपलेला होता. म्हणजे तसा प्रसंग आला असता, तर भरपाईचा बोजा विमा कंपनीवर न जातां त्यांच्या निवृत्तीच्या पुंजीवर पडला असता.

मग करावयाचें काय? मोटार चालण्याजोगी असून दुसऱ्यानें वापरण्यासाठीं घेतली असेल, तर २९ क्रमांकाचा फॉर्म पुरता भरावा, घेणाराचें नांव, पत्ता, तारीख आपल्या डोळ्यांदेखत लिहून घ्यावी, त्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवावी आणि घेणारा एकाच राज्यांतील असेल तर चौदा दिवसांच्या आंत ती खबर आपण स्वतः परिवहन कार्यालयास द्यावी. हें कर्तव्य कायद्यानें विकणारावरच ठेवलेलें आहे. त्यासाठीं घेणाराच्या सवडीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. जुन्या मोटारींचा अधिकृत व्यापारी घेणारा असेल तर सोय आणखी बरी आहे. डिसेंबर २०२२ मध्यें नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्या अन्वयें मोटार ताब्यांत घेतल्याची सूचना अशा व्यापाऱ्यानें कार्यालयास दिली म्हणजे तोच तिचा मालक धरला जातो. अधिकृत हा शब्द येथें महत्त्वाचा. रस्त्याच्या कडेला पाटी लावून बसलेला प्रत्येक जण अधिकृत नसतो.

मोटार खरोखरच मोडावयाची असेल तर मार्ग वेगळा. ती कायमची निकामी झाल्याची खबर चौदा दिवसांत देऊन पुस्तक परत करावें, म्हणजे नोंदणी रद्द होते, अशी तरतूद कायद्यांत पूर्वींपासून आहे. सप्टेंबर २०२१ मध्यें केंद्र सरकारनें याविषयीं स्वतंत्र नियम केले आणि सरकारमान्य मोडणी केंद्रें निघूं लागलीं. अशा केंद्रांत मोटार नेली कीं प्रथम तिचा क्रमांक चोरीच्या यादींत नाहीं ना, तिच्यावर कर्ज वा सरकारी येणें नाहीं ना, हें पाहतात. मग मोटार जमा केल्याचा दाखला मिळतो. तेल, बॅटरी, वायु वगैरे घातक पदार्थ आधीं वेगळे काढून नंतर सांगाडा मोडतात, चॅसिसवरील क्रमांकाचा तुकडा कापून जपून ठेवतात आणि मोटार मोडल्याचा दुसरा दाखला देतात. हा दुसरा दाखला हाच खरा मृत्यूचा दाखला होय. जमा केल्याच्या दाखल्यावर नव्या खासगी मोटारीच्या करांत शेंकडा २५ पर्यंत सूट देण्याची मुभा केंद्रानें राज्यांस दिलेली आहे. प्रत्यक्ष सूट किती हें ज्या त्या राज्याच्या आदेशांत पाहावें.

केंद्राचा भाव भंगारवाल्याहून कधीं कमी येतो, आणि रोख हातांत पडण्याऐवजीं रक्कम बहुधा बँकेंत जमा होते. तेवढ्यासाठीं पुष्कळ लोक मागें फिरतात. खासगी मोटार पंधरा वर्षांची झाली म्हणून मोडलीच पाहिजे असा नियम महाराष्ट्रांत नाहीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे. कित्येक एजंट ती भीति घालून मोटार स्वस्तांत उपटतात.

कर्ज फिटून वर्षें लोटलीं तरी बँकेचें नांव पुस्तकावर तसेंच असतें. तें बँकेच्या दाखल्यासह ३५ क्रमांकाच्या फॉर्मानें काढावें लागतें. याहून अवघड प्रसंग मोटारीचा धनीच वारला असतां येतो. वडिलांची मोटार मुलांनीं भंगारांत घातली अशीं घरें थोडीं नाहींत. नियमाप्रमाणें मृत्यूची खबर तीस दिवसांत आणि वारसाच्या नांवें नोंद करण्याचा अर्ज ३१ क्रमांकाच्या फॉर्मावर तीन महिन्यांत करावयाचा असतो. दुःखाच्या त्या दिवसांत मोटारीचें कोणास सुचणार! तरीही तेरावा झाल्यावर घरांतील एकानें तरी हें पुस्तक कपाटांतून काढून पाहावें.

मुलें अमेरिकेंत असलेल्या घरांतून मोटारीच्या टायटलविषयीं ऐकूं येतें. तेथें मालकीचा एक स्वतंत्र दाखला असतो, आणि मोटार भंगारांत देतांनाही त्यावर सही करून तो घेणाराच्या हवालीं करावा लागतो. कॅलिफोर्निया राज्यांत विकणारानें पांच दिवसांत स्वतः सरकारास कळवावयाचें असतें. न्यूयॉर्कमध्यें क्रमांकाच्या पाट्या मालकानें काढून ठेवावयाच्या व परत करावयाच्या असतात. आपल्याकडे असा वेगळा दाखला नाहीं. नोंदणी-पुस्तक हाच पुरावा, म्हणून तें मोकळ्या हातानें कोणास देऊं नये.

दोन लहान गोष्टी राहिल्या. पुढच्या कांचेवरील फास्टॅग खरवडून काढावा आणि बँकेस कळवून तें खातें बंद करावें. नाहीं तर दुसऱ्याच्या प्रवासाचा पथकर आपल्या खिशांतून जातो. विमा चालू असेल तर दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत ही मोटारीची नसून माणसाची असते. कंपनीकडून तसा दाखला घेतला, तर तीन वर्षांच्या आंत घेतलेल्या नव्या मोटारीस ती लागू होते.

दंडाच्या सूचनेनंतर आपले गृहस्थ प्रथम भंगारवाल्याच्या दुकानीं गेले. तेथें आतां चहाचें दुकान होतें. मग त्यांनीं पत्नीसमवेत पोलिस ठाण्यांत लेखी तक्रार दिली आणि परिवहन कार्यालयांत विक्रीची हकीकत, तारीख, छायाचित्रांतील वेगळा रंग, सर्व नमूद करून अर्ज केला. खिडकीवरील कारकुनानें अर्ज वाचला आणि विचारलें, "घेणाराचें नांव काय?" गृहस्थांना तें सांगतां आलें नाहीं. कारकुनानें शिक्का मारून पोंच दिली. ती पोंच आणि तक्रारीची प्रत पत्नीनें एका लखोट्यांत घालून कपाटांत, पूर्वीं नोंदणी-पुस्तक असे त्याच जागीं, ठेवली आहे. नोंद अद्याप त्यांच्याच नांवें आहे.