कोलेस्टेरॉल वाढले म्हणून गोळ्या सोडू नका



हिपॅटायटिस सी हा यकृताचा आजार. त्याचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्यावरील औषधे मोफत मिळतात. उपचार बहुधा १२ आठवड्यांचा. हा विषाणू शरीरातील चरबीच्या आधाराने वाढतो, म्हणून आजारपणात कोलेस्टेरॉल कमी दिसते. विषाणू हटला की ते वाढू शकते. तेव्हा घाबरून गोळ्या सोडू नका. अर्धवट उपचाराने आजार आत राहतो. मात्र रक्तदाबाच्या, हृदयाच्या व कोलेस्टेरॉलच्या चालू गोळ्या डॉक्टरांना आधीच दाखवा. काहींचे या औषधांशी जमत नाही. रक्तदाबही तपासून घेत जा.

विद्यार्थ्यांनो, उमापुरात घरोघरी डॉक्टरांची चिठ्ठी तुम्हीच वाचून दाखवता. ही गोष्टही घरी सांगा. शिक्षणाचा उपयोग तो हाच.